गॅरेजमध्ये बाथरूम: आधी चेंबर उघडा, मग कमोड निवडा

घरातल्या वडीलधाऱ्यांना जिना झेपेनासा झाला, की नजर तळमजल्यावरच्या गॅरेजकडे जाते. पार्ले, चेंबूर, मुलुंडकडच्या जुन्या बंगल्यांत आणि रो-हाउसमध्ये साधारण दहा बाय अठरा फुटांची ही जागा असते. तिथे पलंग, कपाट आणि एका कोपऱ्यात संडास-बाथरूम बसेल असं वाटतं, आणि जागेच्या हिशेबाने ते बसतंही. मग मंडळी टाइल्स बघायला दुकानात जातात आणि प्लंबरला बोलावतात सगळ्यात शेवटी. तो येऊन विचारतो, "चेंबर कुठे आहे आणि किती खोल आहे?" हा प्रश्न खरं तर पहिल्या दिवशी विचारायचा असतो.

नळाचं पाणी पंपाच्या जोरावर कुठेही नेता येतं. सांडपाणी साधारणपणे उतारानेच जातं. ते जिथे जाऊन पडणार, त्या चेंबरच्या तळाची पातळी ठरलेली असते आणि ती सहसा बदलता येत नाही. म्हणून आराखडा चेंबरपासून सुरू करून उलट दिशेने कमोडपर्यंत आणायचा.

परवानगीचं आधी उरकून घेऊ. गॅरेजला मंजुरी असते ती वाहनासाठी. तिथे राहायची खोली करणं म्हणजे वापरात बदल. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार त्याला परवानगी लागते आणि एफएसआयचा (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं त्या प्रमाणाचा) हिशेबही नव्याने होतो. पार्किंगचं क्षेत्र सहसा एफएसआयमध्ये धरलेलं नसतं, राहायची खोली धरली जाते. त्यामुळे वास्तुविशारदाकडून सुधारित नकाशा, सोसायटी असल्यास तिचं ना-हरकत पत्र आणि ड्रेनेजच्या कामाला महापालिकेचा परवानाधारक प्लंबर, एवढं जमल्याशिवाय फरशीला छिन्नी लावू नका. इमारतीच्या स्टिल्टमधली (खांबांवरच्या इमारतीखालची) खुली पार्किंगची जागा हा वेगळाच विषय आहे. ती गॅरेज नाहीच, त्यामुळे इथलं काहीही तिला लागू नाही.

आता चेंबर. आवारात जमिनीखाली बहुधा पाइपांची दोन वेगळी जाळी असतात, एक मैलापाण्याचं आणि दुसरं पावसाच्या पाण्याचं. झाकणं सारखीच दिसतात. आपलं चेंबर कोणतं हे ओळखायला वरच्या संडासात बादलीभर निळीचं पाणी ओता आणि कोणत्या चेंबरात निळं पाणी येतं ते बघा. पावसाच्या गटारात संडासाची लाइन जोडणं बेकायदा आहे आणि तो मैला थेट नाल्यातून समुद्रात जातो. पावसाचं पाणी मैलापाण्याच्या लाइनीत सोडणंही तितकंच चूक, कारण मग जुलैत सगळे चेंबर उसळतात.

झाकण उघडून थोडा वेळ तसंच ठेवा. आत कोणीही उतरायचं नाही, अगदी चार फुटांच्या चेंबरातही नाही, कारण विषारी वायू दिसत नाही. वरूनच सरळ काठी टाकून, पाणी वाहतं त्या अर्धगोल नाळीच्या तळापर्यंत माप घ्या. मग पारदर्शक नळीची लेव्हल (गवंड्याकडची पाणी भरलेली नळी) लावून चेंबरचं तोंड आणि गॅरेजची फरशी यांच्या पातळीत किती फरक आहे ते बघा. गॅरेजची फरशी गाडी चढावी म्हणून मुद्दाम खाली ठेवलेली असते आणि दाराकडे उतरती असते. त्यामुळे माप बाथरूमच्या कोपऱ्यात घ्या, दारात नको.

संडासाच्या चार इंची, म्हणजे ११० मिमी पाइपाला ढाळ १:४० ते १:६० च्या मधला द्यायचा. गवंडी याला "फुटाला दोन सूत" म्हणतात. इंचात आठ सूत, म्हणजे फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८. हिशेबाला १:५० धरा: मीटरला २० मिमी. कमी ढाळ दिला की घाण मागे राहते. गरजेपेक्षा जास्त ढाळ देऊन फायदा होत नाही, उलट पाइप लवकर खोल जातो आणि चेंबरपर्यंत पोचता पोचता तळाच्याही खाली निघतो.

समजा चेंबरचा तळ आवाराच्या पातळीपासून ५२० मिमी खाली आहे. कमोडखालचा बेंड, त्यावरचं काँक्रीट आणि लादीचा थर धरून लाइन बाथरूमच्या तयार फरशीखाली ३०० मिमीवर सुरू होते. (हे ३०० म्हणजे पाइपाच्या पोटाचं, तळाचं माप, सगळी मापं तळाचीच घ्यायची.) चेंबर ७ मीटरवर असेल तर ढाळ १४० मिमी. चेंबरात शिरताना पाइपाचा तळ नाळीच्या तळापेक्षा निदान ६० मिमी वर हवा, नाहीतर मुख्य लाइनीतलं पाणी आपल्या पाइपात शिरतं. बेरीज ५०० मिमी. फरशी आवाराच्या पातळीलाच ठेवली तरी काम बसतं, पण २० मिमी हातात ठेवून. तेच चेंबर १२ मीटरवर असेल तर ३०० अधिक २४० अधिक ६०, म्हणजे ६०० मिमी. आता ८० मिमी कमी पडले. ढाळ १:६० केला तरी ४० मिमी कमीच. म्हणजे बाथरूमची फरशी उचलावी लागणार.

मुंबईत ती तशीही उचलावीच लागते, आणि कारण पाऊस. इंग्रजांच्या काळातली पावसाळी गटारं ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधली होती. नंतरच्या सुधारणांत हा आकडा ५० मिमी धरला गेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. तो अपवाद सोडा, पण साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आले की सखल भागात पाणी तुंबतं, चेंबर भरतात आणि मैलापाणी मागे येतं. ते घरात कुठून शिरतं? सगळ्यात खालच्या तोंडातून. आजवर ते तोंड आवारातलं गली ट्रॅप (आंघोळीचं आणि बेसिनचं पाणी जिथे पडतं ते भिंतीबाहेरचं जाळीचं तोंड) होतं. उद्या ते तुमच्या गॅरेजमधली नहाणी असेल.

यावर साधा आणि जुना इलाज म्हणजे गली ट्रॅपच्या जाळीची पातळी. बाथरूमचं पाणी आधी बाहेरच्या गली ट्रॅपमध्ये सोडायचं आणि त्याची जाळी बाथरूमच्या फरशीपेक्षा निदान १५० मिमी खाली ठेवायची. लाइन तुंबली तर पाणी आधी आवारात उसळेल, पलंगाखाली नाही. मात्र जाळी आवाराच्या पातळीपेक्षा ७५ मिमी वर हवी, म्हणजे अंगणातलं पावसाचं पाणी त्यात जाणार नाही. दोन्ही मिळून बाथरूमची फरशी आवारापासून २२५ मिमी, नऊ इंच वर येते. आजी-आजोबांसाठी पायऱ्यांऐवजी उतरण करायची तर १:१२ ने तिला २.७ मीटर लांबी लागेल. ती आतापासून नकाशात दाखवा.

छताची उंचीही आत्ताच मोजा. बाथरूमला लादीपासून छतापर्यंत किमान २.१ मीटर मोकळी उंची हवी. गॅरेज २.४ मीटरचं असेल तर २२५ मिमी गेल्यावर २.१७५ उरते. बाथरूमचं भागतं, पण राहायच्या खोलीला ही उंची पुरत नाही. अशा गॅरेजमध्ये खोलीला मंजुरी मिळणंच अवघड असतं, म्हणून ही टेप पहिल्याच दिवशी लावावी.

आता वरचाच १२ मीटरचा हिशेब पुन्हा घ्या. फरशी २२५ ने उचलल्यावर चेंबरचा तळ फरशीपासून ७४५ मिमी खाली झाला. लागत होते ६००. शिल्लक १४५. इथे लोक खूश होऊन लाइन वरच ठेवतात आणि फसतात. फरशीखाली ३०० म्हणजे आवाराखाली जेमतेम ७५ मिमी, आणि पाइप आहे ११० मिमीचा! म्हणजे पाइपाची पाठ अंगणाच्या वर ३५ मिमी दिसेल. म्हणून हे १४५ मिमी सुरुवातीलाच खर्च करायचे, लाइन फरशीखाली ४४५ वर सुरू करायची. मग कमोडपासून २ मीटरवर भिंतीबाहेर पडताना पाइपाच्या पाठीवर १५० मिमी माती येते. गाडी त्यावरून जाणार असेल तर तेवढी पुरत नाही. साधारण ६०० मिमी आच्छादन नसेल तिथे पाइपाला चारही बाजूंनी १५० मिमी काँक्रीटचं वेष्टण द्या.

उलट्या झडपेचा, म्हणजे पाणी मागे येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा सल्ला हमखास मिळतो. चांगली वस्तू आहे, पण ती फक्त गॅरेजच्या फाट्यावर बसवा. मुख्य लाइनीवर बसवली तर पूर आल्यावर झडप मिटते, वरच्या मजल्यांवर मात्र आंघोळी आणि फ्लश चालूच असतात. त्या पाण्याला बाहेर वाट नाही, मग ते सगळ्यात खालच्या नहाणीतून वर येतं. म्हणजे शेजाऱ्यांचं नव्हे, आपल्याच घरातलं पाणी आपल्याच गॅरेजमध्ये. झडप उघडता येईल अशा छोट्या चेंबरात ठेवा आणि मे महिन्यात साफ करा. तिच्या पाकळीत केसांचा एक पुंजका अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही.

कमोडच्या निवडीतून अर्धी तोडफोड वाचते. एस-ट्रॅपचा कमोड जमिनीत उतरतो, पी-ट्रॅपचा भिंतीत जातो, फरशीपासून मध्यापर्यंत साधारण १८० मिमीवर. कमोड बाहेरच्या भिंतीला ठेवता येत असेल तर पी-ट्रॅप घ्या. पाइप सरळ भिंतीबाहेर जातो, तिथूनच खाली वळतो, आतली फरशी फोडावी लागत नाही आणि पुढे कधी तुंबलं तर बाहेरूनच पाइपाचं दार (साफसफाईचं झाकण) उघडून साफ करता येतं. एस-ट्रॅपच घ्यावा लागला तर १०० मिमी, २२५ मिमी की ३०० मिमी हे आधी ठरवा. हे अंतर तयार भिंतीपासून, म्हणजे टाइलच्या पृष्ठभागापासून मोजतात. नव्या कामात सर्वांत जास्त होणारी चूक हीच. गवंडी नुसत्या विटेपासून २२५ मोजतो, नंतर प्लास्टर आणि टाइल मिळून ३५-४० मिमी खातात आणि कमोडची टाकी भिंतीला अडते.

बाकीचे पाइप थोडक्यात. बेसिनला बॉटल ट्रॅप आणि पुढे ५० मिमी. नहाणी ट्रॅपपासून ७५ मिमी, ढाळ १:४०. वॉशिंग मशीन तिथेच असेल तर तिला स्वतंत्र ५० मिमीची उभी नळी द्या. मशीनचा जोर नहाणीत सोडला की फेस जाळीतून वर येतो. (न्हाणी आपली, ट्रॅप इंग्रजांचा, हा जोडशब्द आता देशभरच्या हार्डवेअरच्या दुकानांत चालतो.) नहाणी ट्रॅप घेताना त्यातलं पाण्याचं सील (ट्रॅपमध्ये साचून राहणारं, वास अडवणारं पाणी) ५० मिमी आहे ना ते बोटाने मोजून बघा. कमी उंचीचे ट्रॅप बसवायला सोपे म्हणून खपतात, पण त्यांतलं पाणी मे महिन्यात आठवड्याभरात आटतं आणि मग झुरळं व वास दोन्ही मोकळे. बाथरूमच्या फरशीला नहाणीकडे फुटाला दीड-दोन सूत ढाळ द्या आणि दाराच्या उंबऱ्याऐवजी ओला भाग १०-१२ मिमी खाली ठेवा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा पाय अडखळत नाही.

संडासाची लाइन गली ट्रॅपमध्ये कधीही जोडायची नाही. ती थेट चेंबरात. गली ट्रॅप आंघोळीच्या आणि बेसिनच्या पाण्यासाठी. वास, झुरळं आणि उंदीर यांना अडवणारी दुसरी भिंत म्हणजे तोच.

फ्लश केल्यावर नहाणीतून गुडगुड आवाज येतो, त्याचा अर्थ लाइनीला हवा मिळत नाही. चार इंची पाइपातून खाली जाणारा पाण्याचा गोळा पंपाच्या दट्ट्यासारखा मागची हवा ओढतो. हवा यायला वेगळी वाट नसेल तर ती जवळच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून घेते, सील रिकामं होतं आणि वास घरात येतो. म्हणून कमोडजवळ, लाइनीच्या वरच्या टोकाला ७५ मिमीचा व्हेंट पाइप काढा. तो बाहेरच्या भिंतीने वर न्या, छताच्या वर किमान दोन फूट, आणि वर लोक वापरतात अशी गच्ची असेल तर तिच्यापासून दोन मीटर वर. टोकाला जाळीची टोपी लावा. शेजारच्या खिडकीशी त्याचं तोंड आणलंत तर पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन येईल.

खोदण्याआधी जमिनीखाली काय आहे ते शोधा. तळमजल्याच्या आवारात पाण्याची भूमिगत टाकी असते, आणि ती नेमकी गॅरेजजवळच असते. ड्रेनेजची लाइन तिच्या कडेने किंवा वरून नेऊ नका. वळसा पडला तरी चालेल. पिण्याच्या पाण्याची लाइन आणि ड्रेनेज एका चरात टाकू नका. छेद द्यावाच लागला तर पाण्याची लाइन वरून, ड्रेनेज खालून. मुंबईत पाणी काही तासच येतं. बाकीचा वेळ ती लाइन रिकामी असते आणि रिकामा पाइप बारीकशा चिरेतूनही बाहेरचं पाणी आत शोषतो. पिवळट, वासाच्या पाण्याच्या कित्येक तक्रारींमागे हेच असतं.

जोत्याचं बीम दिसलं तर ते कापायचं नाही. पाइप त्याच्या खालून किंवा वरून न्या. भिंतीतून जाताना १६० मिमीचा तुकडा बाही म्हणून बसवा आणि त्यातून ११० मिमीचा पाइप सोडा. मुंबईची बरीच जमीन भरावाची आहे, ती खचते. बाहीत जागा असली तर भिंत बसली तरी पाइप कापला जात नाही.

चर साधारण ४०० मिमी रुंद. तळाला ७५ ते १०० मिमी वाळू, तिच्यावर पाइप पूर्ण लांबीभर टेकलेला. पाइपाखाली विटांचे तुकडे ठेवून ढाळ जुळवायची आणि वरून डेब्रिज भरायची सवय फार जुनी आहे. वर्षभरात माती दबते, दोन विटांच्या मधे पाइपाला पोट सुटतं, त्या पोटात पाणी साचतं आणि मग दर तीन महिन्यांनी प्लंबर. सॉकेटचं (पाइपाच्या रुंद टोकाचं) तोंड कमोडकडे, म्हणजे वाहतं पाणी सॉकेटात शिरेल असं. ९० अंशांचा एक बेंड टाकण्याऐवजी ४५ अंशांचे दोन टाका. आडव्या लाइनीत काटकोनी जोडाऐवजी (टी) तिरपा जोड (वाय) वापरा. जिथे दिशा बदलते तिथे चेंबर, निदान दाराचा (साफसफाईचं झाकण असलेला) बेंड. रबर रिंगला साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस लावलं तर रबर फुगतं.

खरेदीला जाताना आयएस १३५९२ चा शिक्का आणि त्यापुढे 'टाइप बी' बघा. टाइप ए हवेच्या आणि पावसाच्या पाइपासाठी असतो, म्हणजे व्हेंटला चालेल, संडासाला नाही. जमिनीखालच्या बाहेरच्या भागासाठी आयएस १५३२८ चा पाइप घेतलात तर उत्तम. वरच्या १२ मीटरच्या उदाहरणाला ११० मिमीचे तीन मीटरचे पाच नग (एक जादा, कापताना लागतो), ७५ मिमीचे नहाणीसाठी दोन आणि व्हेंटसाठी उंचीप्रमाणे, ५० मिमीचा एक, ४५चे ११० मिमी बेंड चार, दाराचा बेंड एक, ११० बाय ७५ चा वाय एक, नहाणी ट्रॅप दोन, गली ट्रॅप एक, व्हेंटची टोपी आणि एक ४५० बाय ६०० चं चेंबर लागेल.

पाइप टाकताना ढाळ तपासायची सोपी युक्ती: १.२ मीटरच्या सरळ पट्टीच्या एका टोकाखाली २४ मिमीचा लाकडी गुटका ठोका. गुटका उताराच्या बाजूला ठेवून पट्टी पाइपावर ठेवा आणि वर स्पिरिट लेव्हल. बुडबुडा मधे आला की ढाळ बरोबर १:५० आहे. प्रत्येक पाइपावर बघा, फक्त पहिल्यावर नाही.

माती टाकायच्या आत चाचणी घ्या. चेंबरकडचं तोंड बुचाने बंद करा, वरच्या टोकाला दीड मीटर उभा पाइप लावून पाणी भरा आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर प्रत्येक सांध्यावर हात फिरवून ओल शोधा. मग बूच काढून पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा १२-१३ मिमी लहान गुळगुळीत चेंडू वरून सोडा. तो स्वतःहून चेंबरात आला पाहिजे. अडला तर आत सिमेंटचा गोळा किंवा सोल्युशनचा ओघळ आहे. वॉटरप्रूफिंगनंतर बाथरूममध्ये ४८ तास पाणी तुंबवून ठेवा, लादी त्यानंतर.

चेंबर फारच वर आणि फरशी उचलायला जागा नाही, असं झालं तर ग्राइंडर पंप हा पर्याय आहे. तो मैला बारीक करून ३२-४० मिमीच्या पाइपाने वर ढकलतो. पण त्याला वीज लागते, आणि गॅरेजमध्ये पाणी शिरतं त्या रात्री सुरक्षेसाठी वीज बंदच करावी लागते. सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स त्यात गेले की पंप खोलावा लागतो. घरात दुसरा संडास नसेल तर पंपावर अवलंबून राहू नका. सेप्टिक टँकचा भाग असेल तर टाकी किती माणसांच्या हिशेबाची आहे ते बघा, आणि आंघोळीचं पाणी तिच्यात सोडू नका.

चर बुजवण्याआधी लाइनीचे फोटो काढा, प्रत्येकात भिंतीपासून टेप धरलेली असू द्या. ते फोटो नकाशाच्या प्रतीसोबत ठेवा. आणि खोली रिकामी असेल तेव्हा आठवड्यातून एकदा नहाणीत तांब्याभर पाणी ओतायला कोणाला तरी सांगून ठेवा.